सभा झाली, पण ठरलं काय?

मागच्या अंकात मी सहज लिहिलं होतं की मिटिंगांबद्दल काही विचारायचं असेल तर विचारा, आणि जे प्रश्न आले ते बघून वाटलं की निम्मी माणसं मिटिंगमध्ये बसलीयेत आणि उरलेली निम्मी ती मिटिंग संपायची वाट बघतायत. मी स्वतः बरीच वर्षं वेगवेगळ्या ठिकाणी सचिव म्हणून इतिवृत्तं लिहिलीयेत, म्हणजे बाकीचे बोलत असताना आपण गप्प बसून लिहायचं, त्यामुळे उत्तरांत थोडी सचिवाची बाजू घेतली जाईल, सांभाळून घ्या. सारखे प्रश्न एकत्र केलेत, नावं गाळलीयेत.

प्रश्न : ताई, मी नुकताच आमच्या संस्थेचा सचिव झालोय (कोणी तयार नव्हतं म्हणून माझ्या गळ्यात पडलं). दर महिन्याची कमिटी मिटिंग तीन-तीन तास चालते, सगळे भरभरून बोलतात आणि शेवटी "बघू पुढच्या वेळी". अजेंडा मी वेळेवर पाठवतो. मग चुकतंय कुठे?
– नवा सचिव

उत्तर : अजेंडा पाठवता हे चांगलंच, पण त्यात काय लिहिता ते कळवलं नाहीत. माझा अंदाज, "१. जागेचा प्रश्न २. वर्गणी ३. वेबसाइट ४. ऐनवेळचे विषय" असं काहीतरी असणार. ही नुसती विषयांची नावं झाली हो. "वर्गणी" या एका शब्दावर माणूस काय ठरवणार, तो बोलणार, आणि वर्गणीबद्दल त्याला आजवर जे जे वाटलंय ते सगळं बोलणार. त्याऐवजी "पुढच्या वर्षापासून वर्गणी दीडपट करावी का, आणि केली तर सूट कोणाला" असं लिहून बघा. त्याच्या खाली ठरावाचा कच्चा मसुदाच देऊन टाका, दोन ओळींचा, "असे ठरले की..." पासून सुरू होणारा. लोक त्यातला शब्द न् शब्द बदलतील, बदलू देत, पण मग ते निदान एका वाक्याबद्दल बोलत असतील. मसुदा लिहायला बसलात आणि वाक्यच जमेना, तर समजा की तो विषय अजून मिटिंगला आणण्याएवढा पिकलेला नाही. दोघांना सांगा, माहिती काढा, पर्याय मांडा, मग आणा.

प्रत्येक विषयापुढे एक शब्द लिहायचा : माहितीसाठी, चर्चेसाठी, की निर्णयासाठी. माहितीसाठीचे विषय खरं तर कागदावर आधी पाठवून मोकळं व्हावं, तोंडी वाचून दाखवण्यात काय मिळतं मला कधीच कळलेलं नाही. मागच्या सभेचं इतिवृत्त कायम झालं की लगेच सगळ्यात जड निर्णय घ्यायचा, कारण दोन तासांनी फक्त घड्याळाकडे बघणारे उरतात. आपण नेमकं उलटं करतो, "आधी छोटे छोटे उरकून घेऊ" म्हणतो, आणि ते छोटेच मिटिंग खाऊन टाकतात. नॉर्थकोट पार्किन्सन नावाच्या ब्रिटिश इतिहासकाराने १९५०च्या दशकात यावर धमाल लिहिलंय. त्याच्या काल्पनिक कमिटीत एक कोटी पौंडांची अणुभट्टी अडीच मिनिटांत मंजूर होते कारण त्यातलं कोणालाच काही कळत नसतं, आणि कर्मचाऱ्यांच्या सायकली ठेवायच्या ३५० पौंडांच्या शेडवर पाऊण तास वाद चालतो, कारण पत्रा कसला असावा हे प्रत्येकाला कळतं! यावर उपाय म्हणजे अशा शेडी मिटिंगला आणायच्याच नाहीत, दोन माणसांना रक्कम ठरवून अधिकार देऊन टाकायचा आणि त्यांनी काय केलं ते पुढच्या वेळी एका ओळीत कळवायचं.

ऐनवेळच्या विषयांबाबत मात्र मी कडक आहे. चर्चा करा, पण निर्णय घेऊ नका. अजेंडा बघूनच माणूस ठरवतो ना की आज जायचं का नाही, मग जो आलाच नाही त्याच्या पाठीमागे अजेंड्यावर नसलेला मोठा खर्च मंजूर करणं याला मी तरी फसवणूकच म्हणेन. घाईच असेल तर वेगळी नोटीस काढून विशेष सभा घ्या.

प्रश्न : आमच्याकडे एखादा ठराव आला की कोणीतरी दुरुस्ती सुचवतं, मग त्या दुरुस्तीत अजून एक दुरुस्ती, मग अध्यक्ष म्हणतात "चला हात वर करा" आणि कशासाठी हात वर केला हेच निम्म्यांना माहीत नसतं. याला काही क्रम असतो का?
– हात वर केलेली

उत्तर : असतो, आणि तो आतून बाहेर असा असतो. आधी दुरुस्तीवरच्या दुरुस्तीवर मत, मग दुरुस्तीवर, मग जे वाक्य तयार झालं त्या पूर्ण ठरावावर. बऱ्याच ठिकाणी दुरुस्तीवर दुरुस्ती इथपर्यंतच परवानगी असते, तिच्यावर तिसरी नाही, कारण त्यापुढे माणसाचं डोकं चालत नाही. आणि गंमत बघा, दुरुस्ती मंजूर झाली म्हणजे ठराव मंजूर झाला असं नव्हे, लोक इथेच गोंधळतात. वरचं वर्गणीचंच उदाहरण घ्या, "दीडपट" चं "सव्वापट" केलं हे एक मत, आणि सव्वापट तरी करायचं का, हे वेगळं मत. सव्वापटच्या बाजूने हात वर करून नंतर पूर्ण ठरावाच्या विरोधात हात वर करणारा माणूस दुटप्पी नसतो, त्याला वाढच नकोय पण झालीच तर कमी व्हावी एवढंच त्याचं म्हणणं असतं.

हेन्री रॉबर्ट हा अमेरिकन सैन्यातला इंजिनियर. १८६३ मध्ये न्यू बेडफर्ड गावात त्याला अचानक एका सभेच्या अध्यक्षपदी बसवलं, त्याला सभा चालवता येईना, नुसता गोंधळ झाला, आणि त्याने मनाशी ठरवलं की नियम शिकल्याशिवाय परत या खुर्चीत बसायचं नाही. पुढे १८७६ मध्ये त्याने सभेच्या नियमांचं पुस्तक काढलं, पहिल्या ४,००० प्रती स्वतःच्या खर्चाने, आणि आज जगभरच्या कितीतरी संस्था त्याच नियमांनी चालतात. म्हणजे तुमच्या अध्यक्षांना फार बोलू नका, सुरुवात सगळ्यांची तशीच असते. त्या नियमांचा गाभा एवढाच की एका वेळी सभेपुढे एकच गोष्ट. सूचक-अनुमोदक ही पद्धतही त्यातलीच आहे, लोकांना तो नुसता उपचार वाटतो पण अनुमोदक मागायचा तो एवढ्यासाठी की निदान दोन माणसांना तरी हा विषय बोलण्यालायक वाटतोय का ते कळावं. अनुमोदक नाही मिळाला तर विषय तिथेच संपला, वेळ वाचला.

तुमच्यापुरतं सांगायचं तर मतदानाआधी कोणीही उठून म्हणू शकतं, "सचिवांनी आत्ताचं वाक्य वाचून दाखवावं". तुम्हीच म्हणा. पहिल्यांदा लोक बघतील तुमच्याकडे, दुसऱ्यांदा सवय होईल.

प्रश्न : आमचे अध्यक्ष चांगले आहेत पण विषय निघाला की आधी स्वतःचं मत सांगतात आणि मग विचारतात "कोणाची हरकत?" सगळे गप्प. ठराव एकमताने मंजूर. बाहेर पडल्यावर जिन्यात जी खरी मिटिंग होते त्यात सगळे विरोधात! मीपण त्यातलीच एक, खोटं कशाला बोलू.
– जिन्यातली सभासद

उत्तर : तुमचा प्रामाणिकपणा आवडला. याचा दोष एकट्या अध्यक्षांना देता येत नाही. सॉलोमन अॅश या मानसशास्त्रज्ञाने १९५०च्या दशकात एक प्रयोग केला होता, कागदावरच्या तीन रेघांतली कोणती रेघ दिलेल्या रेघेएवढी आहे एवढंच सांगायचं, लहान मूलही सांगेल. पण खोलीतले बाकीचे सगळे आधीच पढवलेले, ते ठरवून चुकीचं उत्तर द्यायचे, आणि आपला खरा माणूस शेवटाकडे. साधारण चारातल्या तिघांनी निदान एकदा तरी डोळ्यांना दिसतंय ते सोडून सगळ्यांच्या मागे जाऊन चुकीचं उत्तर दिलं. रेघेच्या बाबतीत ही तऱ्हा, तर मग बजेटच्या बाबतीत काय होणार! पण त्याच प्रयोगात अजून दोन गोष्टी दिसल्या आणि त्या आपल्या कामाच्या आहेत. एक, खोलीत फक्त एक जण जरी खरं बोलला तरी दबाव एकदम उतरायचा. दोन, उत्तर मोठ्याने सांगण्याऐवजी लिहून द्यायला सांगितलं तरीही उतरायचा.

म्हणून अवघड विषयाला आधी पाच मिनिटं सगळ्यांनी गप्प बसून आपापल्या कागदावर लिहायचं, मग टेबलाभोवती एकेकाने एकच मुद्दा सांगायचा, फेरी पूर्ण होईपर्यंत कोणीही टीका करायची नाही, मग चर्चा, मग चिठ्ठ्यांवर पसंतीक्रम. डेलबेक आणि व्हॅन द व्हेन या दोघांनी १९७१ साली ही पद्धत नीट बांधून दिली. अध्यक्षांनी शेवटी बोलायचं, सगळ्यात नवा सभासद सगळ्यात आधी. अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष केनेडीचं उदाहरण घ्या, १९६१ मध्ये क्यूबावरच्या त्या फसलेल्या स्वारीला आजूबाजूच्या हुशार सल्लागारांपैकी जवळपास कोणीच नीट विरोध केला नव्हता, आणि पुढच्या वर्षी क्षेपणास्त्रांचं संकट आलं तेव्हा तो काही बैठकांना मुद्दाम गेलाच नाही, म्हणजे लोक मोकळेपणाने बोलतील. तुमच्या अध्यक्षांना खोलीबाहेर जा म्हणणं जमणार नाही, कळतं मला. पण "कोणाची हरकत?" ऐवजी "हा निर्णय वर्षभराने फसला असं धरा, कशामुळे फसला असेल?" असा प्रश्न विचारा म्हणून तर सुचवता येईल. हरकत घेणं म्हणजे अध्यक्षांना विरोध, पण या प्रश्नाला उत्तर देणं म्हणजे मदत, आणि बोलायचं तेच असतं.

कधी कधी तर गोष्ट याहून मजेशीर असते, कोणालाच ती गोष्ट नको असते, अध्यक्षांनाही. जेरी हार्वी या प्राध्यापकाने १९७४ मध्ये स्वतःच्या घरची गोष्ट लिहिली, टेक्ससमधली भयंकर उन्हाची दुपार, सासरे म्हणाले जेवायला अॅबिलीनला जाऊया, सगळे हो म्हणाले, ८५ किलोमीटर धुळीतून बिना एसीच्या गाडीने गेले आणि घामाघूम होऊन परत आल्यावर कळलं की कोणालाच जायचं नव्हतं, सासऱ्यांनासुद्धा नाही, ते म्हणे सगळे कंटाळले असतील म्हणून बोलले! तुमच्या जिन्यात एकदा अध्यक्षांनाही बोलावून बघा.

प्रश्न : २४ जणांनी मतदान केलं. तीन पर्याय होते, जुनी जागा दुरुस्त करणे (१० मतं), नवी घेणे (८), भाड्याने घेणे (६). दुरुस्ती मंजूर झाली असं जाहीर केलं. पण १४ जणांना दुरुस्ती नको होती ना? मग हे बहुमत कसं काय?
– हिशोबात कच्चा नसलेला

उत्तर : नाहीच ते बहुमत, सगळ्यात मोठा गट आहे फक्त. बहुमत म्हणजे अर्ध्यापेक्षा जास्त, २४ मध्ये १३. साधा मार्ग म्हणजे शेवटचा पर्याय गाळून उरलेल्या दोनांत परत मत घ्यायचं, भाड्यावाले सहा जण तेव्हा कुठे जातात ते बघायचं.

पण हे दुखणं फार जुनं आहे. इसवी सन १०५ मध्ये रोममध्ये एक कॉन्सल, म्हणजे तिथला मोठा अधिकारी, घरात मेलेला सापडला, आत्महत्या की नोकरांनी मारलं ते कळेना, आणि त्याच्याकडच्या मुक्त केलेल्या गुलामांचं काय करायचं हा प्रश्न सिनेटपुढे आला. निर्दोष सोडा, हद्दपार करा, की मृत्युदंड द्या, असे तीन तट. सिनेटर प्लिनीला त्यांना सोडायचं होतं, त्याने हट्ट धरला की तिन्ही गट वेगवेगळे मोजा. त्याला दिसत होतं की बाकीचे दोघे शिक्षा म्हणून एकत्र मोजले तर आपण हरलो. झालं काय, मृत्युदंडवाल्यांच्या म्होरक्याने ते ओळखलं, आपली सूचना सोडली आणि तो हद्दपारीवाल्यांना जाऊन मिळाला. प्लिनीने हे सगळं पत्रात लिहून ठेवलंय आणि एका जाणकाराला विचारलंय की माझं काही चुकलं का. म्हणजे १९०० वर्षांपूर्वीचा तुमचाच प्रश्न!

याहून चक्रावणारी गोष्ट कॉन्डोर्से या फ्रेंच गणितज्ञाने १७८५ मध्ये दाखवली. समजा तुमच्याकडे सारखे तीन गट आहेत. पहिल्याची पसंती दुरुस्ती, मग भाडं, मग नवी. दुसऱ्याची भाडं, मग नवी, मग दुरुस्ती. तिसऱ्याची नवी, मग दुरुस्ती, मग भाडं. आता दोन-दोन पर्याय समोर ठेवून बघा, दुरुस्ती भाड्याला हरवते, भाडं नव्या जागेला हरवतं, आणि नवी जागा दुरुस्तीला हरवते, प्रत्येक वेळी दोन गट विरुद्ध एक! कागद-पेन्सिल घेऊन करून बघा, मला पहिल्यांदा खरं वाटलं नव्हतं. अशा वेळी जो पर्याय शेवटी मैदानात येईल तो जिंकतो, म्हणजे निकाल अजेंडा लावणाऱ्याच्या हातात. म्हणून मतदानाची पद्धत आणि पर्यायांचा क्रम चर्चा सुरू व्हायच्या आधी ठरवून लिहून ठेवायचा, तेव्हा कोणाला माहीत नसतं की त्याचा फायदा कोणाला होणार. मतं पडल्यावर पद्धत काढली की भांडण नक्की.

प्रश्न : दोन प्रश्न आहेत. आमचा कोरम ११ जणांचा, तो एकदा भरला की शेवटपर्यंत भरलेला धरायचा का? आणि समान मतं पडली तर?
– घाईत

उत्तर : तुमच्या नियमावलीत काय लिहिलंय ते आधी बघा, ते सगळ्यात वर. काही नियमावल्यांमध्ये सुरुवातीला भरला की पुरे असं असतं, पण तसं लिहिलेलं नसेल तर मतदानाच्या क्षणी गणपूर्ती, म्हणजे कोरम, हवी असं धरून चाला, म्हणजे माणसं मोजा. प्राचीन अथेन्समध्ये काही खास ठरावांना ६,००० नागरिक लागायचे, तुम्हाला ११ जमवायचे आहेत, रडू नका.

समान मतं पडली तर ठराव पडला, कारण अर्ध्यापेक्षा जास्त मिळालीच नाहीत. अध्यक्षांना निर्णायक मत नियमाने दिलेलं असेल तरच ते चालतं, आपोआप नसतं. आणि दिलेलं असलं तरी ब्रिटिश संसदेचा स्पीकर पाळतो तो संकेत मला पटतो, चर्चा पुढे चालू राहील असं मत द्यायचं, ते शक्य नसेल तर आहे तीच स्थिती राहील असं द्यायचं. बदल व्हायचा तर तो सभेच्या बहुमताने व्हावा, खुर्चीच्या मताने नको.

एक तुम्ही विचारलं नाहीत पण सांगते, तटस्थांचं काय ते आधी ठरवा. २० हजर, ९ बाजूने, ७ विरोधात, ४ तटस्थ. मत देणाऱ्यांचं बहुमत म्हटलं तर १६ पैकी ९, मंजूर. हजर असलेल्यांचं म्हटलं तर ११ लागतात, नामंजूर. याच चार माणसांवरून मी एक संस्था वर्षभर भांडताना पाहिलीये.

प्रश्न : आम्ही लहान ग्रुप आहोत, मतदान करून हरले-जिंकले नको म्हणून सगळं एकमताने ठरवतो. आता एक सभासद प्रत्येक गोष्टीला नाही म्हणतात आणि सगळं अडतं.
– अडकलेले

उत्तर : पोलंडच्या संसदेत असाच नियम होता, एका सदस्याने "मला मान्य नाही" म्हटलं की संपलं. १६५२ मध्ये एकाच सदस्याच्या हरकतीने अख्खं अधिवेशन गुंडाळावं लागलं, पुढे शेजारची राज्यं पैसे देऊन असे नाही म्हणणारे तयार ठेवायला लागली, १७९१ च्या राज्यघटनेने ती पद्धत काढली तोवर फार उशीर झाला होता, १७९५ मध्ये तो देशच नकाशावरून गेला. तुमचा ग्रुप एवढ्यात जाणार नाही, पण वेळेत हात घाला.

क्वेकर या ख्रिस्ती पंथाचे लोक शेकडो वर्षं मतदानाशिवाय सभा चालवतायत, आणि त्यांचं जमतं कारण "मला पटत नाही पण मी आडवा येणार नाही" अशी एक जागा त्यांच्याकडे आहे. सुरक्षा परिषदेतही कायमच्या पाच सदस्यांपैकी कोणी तटस्थ राहिलं तर तो व्हेटो धरत नाहीत. तुम्हीही तीन उत्तरं ठेवा : मान्य, मान्य नाही पण चालू द्या, आणि अडवतो. अडवणाऱ्याने कारण सांगायचं आणि पुढच्या बैठकीपर्यंत पर्यायी वाक्य लिहून आणायचं, नाही आणलं तर मतदान, दोन तृतीयांशाने. हा नियम मात्र तुमच्या त्या सभासदांच्या हजेरीत आणि एखादा गरम विषय समोर नसताना करा. आणि हो, एकदा त्यांना बाजूला घेऊन शांतपणे विचारा, बऱ्याचदा असा माणूस तीन वर्षांपूर्वीच्या एखाद्या निर्णयावर अडकलेला असतो जिथे त्याला कोणी विचारलंच नव्हतं.

प्रश्न : इतिवृत्तात कोण काय बोललं ते सगळं लिहायचं का? एक सभासद दर वेळी म्हणतात माझं भाषण नीट आलं नाही.
– पेन हातात असलेली

उत्तर : नाही लिहायचं. तारीख, वेळ, जागा, हजर कोण, ठरावाचं अचूक वाक्य, सूचक, अनुमोदक, मतं किती, आणि ते काम कोण कधीपर्यंत करणार. चर्चेची तीन-चार ओळींत कारणं, नावाशिवाय. विरोध नोंदवा असं कोणी म्हटलं तर ती नोंद नावानिशी घ्यायची, तो त्याचा हक्क. ठरावाचं वाक्य मिटिंगमध्येच मोठ्याने वाचून घ्या आणि दोन-तीन दिवसांत मसुदा सगळ्यांना पाठवा, पंधरा दिवस गेले की प्रत्येकाला आपापली मिटिंग आठवायला लागते. "काम कोण करणार" या रकान्यात "कमिटी" असं कधीच लिहू नका, एका माणसाचं नाव लिहा. आणि त्या भाषणवाल्या सभासदांना सांगा की लेखी द्या, सोबत जोडते. मी चार जणांना सांगितलं होतं, एकानेही दिलं नाही.